हजेरीवहीतली पंचवीस वर्षं

आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं ते मी चांगला लिहितो म्हणून नव्हे. बँकेत चौतीस वर्षं खतावण्यांत गेल्यामुळे जुनी वही हातात घेतली की मला झोप येत नाही, एवढीच माझी पात्रता. पण दप्तर उघडलं आणि पहिल्याच दिवशी अडलो. १९९९ ते २००४ या काळातली इतिवृत्तं वाचता येत नाहीत. हिशेब मात्र पै न् पै वाचता येतो.

याचं कारण शाई. आपले पहिले कार्यवाह टपाल खात्यातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तर फाउंटन पेनानेच लिहायचे आणि बॉलपेन वापरणाऱ्याला जवळजवळ निरक्षर समजायचे. खजिनदारांच्या खिशाला कायम बॉलपेन. मग ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातल्या आपल्या खोलीच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ होती आणि त्या रेघेच्या हातभर वर फळी ठोकून दप्तर ठेवलेलं होतं. २००५ एवढं पाणी पुन्हा काही येत नाही, असं सांगलीत बहुतेकांनी धरलं होतं, आपणही. पाणी रेघ ओलांडून गेलं. मास्तरांची निळी शाई कृष्णार्पण झाली, खजिनदारांचे आकडे तसेच राहिले. त्यामुळे स्थापनेच्या सभेत चहाबरोबर खारी होती हे मला ठाऊक आहे. सभेत कोण काय बोललं ते ठाऊक नाही.

तेव्हा पहिल्या पाच-सहा वर्षांचा हा वृत्तान्त थोडा वहीतला आणि बराचसा कट्ट्यावरच्या आठवणींतला. आठवणींत मतभेद आहेत. ते मी मिटवत बसलो नाही.

१९९९ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस त्याआधीच, १९९० मध्ये ठरलेला. त्याच १९९९ च्या जानेवारीत केंद्र सरकारचं ज्येष्ठांसाठीचं राष्ट्रीय धोरण आलं. महाराष्ट्रात तर फेस्कॉम, म्हणजे ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ, १९८० पासून उभा होता. या सगळ्याची कात्रणं मास्तर खिशात बाळगत आणि आमराई बागेत फिरायला येणाऱ्यांना दाखवत. फिरणाऱ्यांना त्याचं विशेष काही वाटत नसे. दोन फेऱ्या मारायच्या, आंब्याखालच्या बाकावर टेकायचं, एकच पेपर पानं सुटी करून वाटून घ्यायचा आणि ऊन आलं की उठायचं. याला संघ कशाला हवा?

नोंदणीला किमान सात जण लागतात. मास्तरांनी सात सह्या जमवल्या. त्यातल्या दोघांना आपण कशावर सही करतोय हे नीट माहीत नव्हतं, असं ते दोघेही पुढे हसत कबूल करत. घटनेचा मसुदा आमच्याच चुकीने परत आला. ज्येष्ठ नागरिकांच्या संघाच्या घटनेत सभासदाच्या वयाची अट लिहायची राहिली होती.

खरी गोष्ट सुरू होते ती हजेरीवहीपासून. मास्तरांनी पहिल्याच महिन्यात आखीव फुलस्केप वही आणली, नावं लिहिली आणि रोज सही करायला लावली. यावरून चेष्टा झाली. जन्मभर मस्टरवर सह्या केल्या, आता तरी सोडा की, असं साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक अण्णा म्हणाले. मास्तरांनी ऐकलं नाही. उलट त्यांनी सहीच्या रकान्यापुढे आणखी एक रकाना आखला. त्याचं शीर्षक होतं : 'का आले नाहीत'. हा रकाना न आलेल्याने भरायचा नव्हता. आलेल्यांनी, न आलेल्याची चौकशी करून भरायचा होता.

या रकान्याचा पहिला मोठा उपयोग कधी झाला याबद्दल सगळ्यांची आठवण एक आहे. एस. टी. तून निवृत्त झालेले एक वाहक सलग तीन दिवस आले नाहीत. फोन उचलत नव्हते. चौथ्या दिवशी दोघे जण सायकलवरून त्यांच्या घरी गेले. दाराला आतून कडी. बऱ्याच हाकांनंतर दार उघडलं. माणूस धडधाकट होता. दाढी वाढलेली, गॅसवर चहाचं भांडं चार दिवसांचं, साय धरलेलं. बायकोचं वर्षश्राद्ध त्या आठवड्यात होऊन गेलं होतं. तब्येत बरी नाही का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "तसं काही नाही. कोण विचारायला येतंय का, ते बघत होतो." मग त्यांनी तेच भांडं घासून तिघांसाठी चहा केला. दुसऱ्या दिवसापासून हजेरीवही उघडायचं काम मास्तरांनी त्यांच्याकडे दिलं. पुढची अकरा वर्षं ते सगळ्यांच्या आधी येऊन वही खिळ्यावरून काढत.

मला वाटतं आपला संघ म्हणजे हा रकाना. बाकीचे कार्यक्रम चांगले आहेत, स्मरणिकेत त्यांचे फोटोही आहेत. पण व्याख्यानाला सभासद येतात ते वक्त्यासाठी येतात असा माझा तरी अनुभव नाही. निम्मे डुलक्या घेतात. न आल्यास उद्या चौकशी होईल, ही खात्री त्यांना तिथे आणते. २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी जगभरातले १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत तीन लाखांवर माणसं होती. ज्यांचे लोकांशी संबंध घट्ट, त्यांची अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्के जास्त निघाली. हे मी संघाच्या सभेत वाचून दाखवलं, तेव्हा कारखान्यातले अण्णा म्हणाले, हे सांगायला अमेरिका कशाला?

हसण्याचा वर्ग सुरू झाला तो मुंबईचं ऐकून. डॉ. मदन कटारिया यांनी मार्च १९९५ मध्ये अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब काढला, तो आधी विनोद सांगून हसण्याचा होता. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले आणि वाईट सुरू झाले. मग विनोद वगळून नुसतंच हसायचं, असं ठरलं. आपल्याकडे हा टप्पा चार दिवसांतच आला. आपल्या सभासदांचे विनोद फार लवकर सासू-सुनेवर घसरतात. नुसतं हसायला सुरुवात केली तेव्हा पहिले आठ दिवस बागेत शाळेला जाणारी पोरं थांबून आम्हाला हसत. आम्ही त्यांना हसत असू. तो वर्ग अजून चालू आहे.

बायकांबद्दल मात्र या इतिहासात फारसं अभिमानाने लिहिण्यासारखं नाही. पहिल्या सात सह्यांत एकही बाई नव्हती. कितीतरी वर्षं महिला सभासद दहाच्या आत. कारण आम्हाला दिसत नव्हतं, आणि ते अगदी समोर होतं. सकाळी साडेसहा ही वेळ पुरुषांनी पुरुषांसाठी ठरवलेली. त्या वेळेला नळाला पाणी येतं, दूध येतं, नातवाचा डबा असतो. निवृत्त होतो तो नवरा. बायको निवृत्त होत नाही. २००६ मध्ये शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या एक बाई कार्यकारिणीत आल्या आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी दुपारी चारची वेळ मागितली. आम्ही उदार मनाने ठराव केला की दुपारी महिलांसाठी भजनाचा वर्ग सुरू करावा. बाई म्हणाल्या, "भजन आम्ही घरीही म्हणतो. आम्हाला कॅरम द्या."

कॅरम दिला. तिथे आज जो आवाज असतो तो सकाळच्या हास्यवर्गातही नसतो. राणी कुणी घेतली यावरून दोन विहिणी आठवडाभर बोलल्या नव्हत्या, याचीही नोंद आहे. पुढे कॅरमला भिशी जोडली गेली, भिशीतून सहली निघाल्या. मार्च २०२३ मध्ये एस. टी. त महिलांना अर्धं तिकीट झालं आणि त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत झाला होता, तेव्हापासून दुपारचा गट सकाळच्या गटापेक्षा जास्त फिरतो. नरसोबाची वाडी, जोतिबा, औदुंबर. पंचाहत्तरी पूर्ण झालेल्या एक काकू कंडक्टरला आधार कार्ड दाखवताना जो चेहरा करतात, तो मी पाहिला आहे. तसा त्यांचा चेहरा लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसालाही नव्हता. रेल्वेची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती परत आलेली नाही, त्यामुळे लांबच्या सहली कमी झाल्या हेही लिहायला हवं.

२००८ ची निवडणूक आणि त्यानंतरची फूट या विषयावर कमी लिहावं असं कार्यकारिणीचं मत पडलं. कमी लिहितो. अध्यक्षपदावरून भांडण झालं आणि दोन वर्षं आमराईत दोन कट्टे भरले, समोरासमोर, मधे दहा पावलं. हजेरीवह्या दोन झाल्या. गंमत अशी की दोन्ही वह्यांची बेरीज केली तर संघाच्या इतिहासातली सर्वांत जास्त हजेरी त्या दोन वर्षांत आहे. आपल्या बाजूला डोकी कमी दिसू नयेत म्हणून दुखऱ्या गुडघ्यांचे लोकही रिक्षा करून येत होते. भांडायला कुणीतरी असणं हेही माणसाला अंथरुणातून उठवतं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय की नाही मला माहीत नाही, पण वहीत आहे. मास्तर २०१० च्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या शोकसभेला दोन्ही कट्टे आले, आणि दुसऱ्या दिवशी एकच वही खिळ्यावर होती.

शोकसभेवरून आठवलं. ज्येष्ठांच्या संघाला एक अवघड गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे सभासदांचं जाणं. सुरुवातीला प्रत्येक बैठक श्रद्धांजलीने सुरू व्हायची. दोन मिनिटं उभं राहायचं, मग 'पुढचा विषय'. काही जण त्यामुळेच यायचे बंद झाले. दर आठवड्याला आपलाच नंबर जवळ आल्यासारखं वाटतं, असं एकाने स्पष्ट सांगितलं. २०१२ मध्ये यात बदल केला. श्रद्धांजली महिन्यातून एकदाच, शेवटच्या शनिवारी. आणि त्याऐवजी 'चौदाव्याचा चहा' सुरू झाला. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. पाहुणे, स्वयंपाक, गुरुजी, फोन. चौदाव्या दिवशी सकाळी मुलगा पुण्याला जातो, मुलगी सासरी जाते, सतरंज्या गुंडाळून मांडववाल्याकडे जातात, आणि मागे राहिलेला माणूस दोन खोल्यांत एकटा असतो. त्या दिवशी दुपारी आपले दोघे सभासद तिथे जातात. फुलं नाहीत, सांत्वनाचं भाषण नाही. चहा घ्यायचा आणि पुढच्या आठवड्यात कधी येऊ ते सांगून निघायचं. तीन महिने दर आठवड्याला. हा उपक्रम मुख्याध्यापिका बाईंनी सुचवला. त्या स्वतः त्याच वर्षी त्यातून गेल्या होत्या.

२०१६ मध्ये एका समुपदेशक ताईंना बोलावून मनाच्या आरोग्याची तपासणी केली. डोळ्यांची, साखरेची शिबिरं झाली होती. हे नवीन होतं, म्हणून फळ्यावर फक्त 'आरोग्य शिबिर' लिहिलं. पंधरा प्रश्नांचा कागद, हो किंवा नाही. ज्येष्ठांमधलं नैराश्य हेरण्यासाठी १९८० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेली ही प्रश्नावली आता जगभर वापरतात. त्यात झोप, भूक, अंगदुखी यांबद्दल जवळजवळ काहीच विचारत नाहीत, कारण साठीपुढे ते सगळ्यांचंच बिघडलेलं असतं. आयुष्य रिकामं वाटतं का, बाहेर पडण्यापेक्षा घरीच बरं वाटतं का, आपला कुणाला उपयोग नाही असं वाटतं का, असं विचारतात. कागदावर नाव लिहायचं नव्हतं, ज्याला पुढे भेटायचं असेल त्याने एक खूण करायची होती.

निकालाने आम्ही गप्प झालो. आमची समजूत होती की आपल्याकडे रोज येणारा, हसणारा माणूस म्हणजे ठीक असलेला माणूस. कागद तसं सांगत नव्हते. ताई म्हणाल्या, संघ चांगला आहे, पण संघ औषध नव्हे. नैराश्य हा आजार आहे, त्याला डॉक्टर लागतो आणि तो या वयातही बरा होतो. खूण केलेल्यांपैकी काही जण मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यातल्या एकाबरोबर मी गेलो होतो. घरी आम्ही मोतीबिंदू दाखवायला जातो असं सांगितलं. चार महिन्यांनी त्यांच्या सुनेने मला विचारलं, काका, ऑपरेशन कधी? मी म्हटलं, आता गरज नाही, नजर सुधारली.

इथे हिशेबनीस म्हणून एक शंका नोंदवतो, कारण स्मरणिकेत सगळं गोडच लिहायचं असा नियम नाही. संघात येणारे लोक आनंदी दिसतात, म्हणून संघामुळे आनंद होतो, हे गणित बरोबर आहे का? जो चालू शकतो, ज्याला ऐकू येतं, ज्याच्या घरचे मोकळे आहेत, तोच संघात येतो. म्हणजे आधीच बरा असलेला माणूस आपण मोजतो आणि बरेपण आपल्या खात्यावर जमा करतो. जपानमध्ये ताकेतोयो नावाच्या लहान गावात याच प्रश्नाशी झटापट झाली. तिथे २००७ पासून ज्येष्ठांसाठी ठिकठिकाणी बैठका सुरू केल्या : खेळ, हस्तकला, गप्पा. जाणारे आणि न जाणारे यांची नुसती तुलना न करता संशोधकांनी एक युक्ती केली. कुणाचं घर बैठकीपासून किती लांब आहे ते मोजलं. घर जवळ असणं हे काही तब्येतीचं लक्षण नव्हे. पण जवळचा माणूस जास्त वेळा जातो. असा हिशेब धरूनही, पाच वर्षांत परावलंबी होणाऱ्यांचं प्रमाण जाणाऱ्यांमध्ये निम्म्याच्या आसपास भरलं.

हे वाचल्यावर मी भाषण केलं नाही, नकाशा काढला. हजेरीवहीतली नावं आणि पत्ते मांडले. आमराईपासून लांब राहणारे सभासद पहिल्या वर्षी उत्साहाने येत आणि तिसऱ्या वर्षी त्यांच्यापुढे रकान्यात 'गुडघा' एवढाच शब्द. म्हणून २०१८ मध्ये विश्रामबागेत दुसरा कट्टा सुरू केला. फूट पडली की काय, असं जुन्या लोकांनी घाबरून विचारलं.

मग २०१९ चा तो पूर. गावभागातल्या सभासदांना बोटीतून काढलं. कोण कुठे आहे ते कुणालाच कळेना, कारण पत्त्यांची वही खोलीत पाण्याखाली. तेव्हा हजेरी उघडणाऱ्या मंडळींनी नावं तोंडपाठ सांगितली. रोज वर्षानुवर्षं तीच नावं वाचलेली. क्रमाने, गाळता एक नाही. त्या यादीवरून तीन दिवसांत सगळ्यांचा ठावठिकाणा लागला.

पाणी ओसरल्यावर वह्या गाळासकट बाहेर काढल्या. पानं एकेक सोडवून विश्रामबागेत माझ्या गच्चीवर कपड्यांच्या दोऱ्यांवर वाळत घातली, चिमटे लावून. घरभर नदीचा वास. आणि मग दिवाळीपर्यंत रोज दुपारी सात-आठ जण माझ्याकडे जमून पुसटलेल्या सह्या लावत बसले. हा 'ग' कुणाचा? असा लांब शेपटीचा 'र' कोण काढायचं? एका सहीवरून माणूस ओळखला जाई, माणसावरून त्याची खोड, खोडीवरून दुपार. शेजारी भडंगाची परात असे. तेलकट हाताने पान धरायला बंदी होती आणि ती कुणी पाळली नाही. ज्यांची घरं पुरात गेली होती, संसार चिखलात गेला होता, ते लोकही येऊन बसत. आपल्याकडे कुणी समुपदेशन केंद्र उघडलं नव्हतं. वह्या होत्या. आम्ही पंचवीस वर्षांत घेतलेल्या कार्यक्रमांत याच्याइतका चांगला दुसरा झाला नाही, आणि तो कुणी ठरवलेला नव्हता.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि पासष्टीपुढच्यांनी घराबाहेर पडायचं नाही, असं सांगण्यात आलं. म्हणजे नेमके आम्हीच. हजेरी फोनवर गेली. पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, शेवटच्याने पुन्हा पहिल्याला फोन करायचा. साडेआठपर्यंत फोन फिरून आला नाही की साखळी कुठे तुटली ते शोधायचं. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांचे फोन लांबत, त्यामुळे साखळी बऱ्याचदा दहाला पोचे. त्या दोन वर्षांत आपण चौदा सभासद गमावले. त्यांच्या घरी चौदाव्याचा चहा झाला नाही, फोन झाले. २०२१ पासून ज्येष्ठांसाठी देशभर १४५६७ हा हेल्पलाइनचा क्रमांक सुरू झाला आहे. तो हजेरीवहीच्या पुठ्ठ्यावर आतून चिकटवला आहे.

वही आजही आमराईत सकाळी साडेसहाला आणि गावभागात दुपारी चारला उघडते. विश्रामबागेची वही वेगळी. आम्ही सह्या लावून लावून १९९९ ते २००४ या काळातल्या बहुतेक सभासदांची नावं जुळवली आहेत. नऊ सह्या अजून ओळखता आलेल्या नाहीत. त्यांचे ठसे या स्मरणिकेच्या मलपृष्ठाच्या आत छापले आहेत. कुणाला आपल्या वडिलांची, आजोबांची, शेजाऱ्यांची सही ओळखू आली तर कार्यवाहांना कळवावं, आणि त्या काळातले सहलींचे, सभांचे फोटो घरी असले, तर कृपया कार्यवाहांकडे आणून द्यावेत. प्रत काढून मूळ फोटो आठवड्यात परत करू.